अंगणवाडीत शिकवणंही मिळायला हवं, ते मागायचं कुणाकडे? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल तुम्हाला काय अडचणी येतात ते कळवा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज तर ढीगभर आले, सगळे छापणं शक्य नाही म्हणून पाच निवडलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी सिन्नर तालुक्यातली. मुलगी चार वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. खिचडी मिळते, उसळ मिळते, वजन करतात, पण शिकवत काहीच नाहीत. सेविकाताई स्वभावाने चांगल्या आहेत पण बघावं तेव्हा मोबाईल नाहीतर रजिस्टर घेऊन बसलेल्या. गावात नवीन इंग्लिश मीडियम नर्सरी निघालीय, सासूबाई म्हणतात तिकडे टाक. फी झेपेल असं वाटत नाही, पण मुलगी मागे पडेल याची भीती वाटते.

ताई, भीती साहजिक आहे पण घाईने मुलीला काढू नका. आधी ती नर्सरी एकदा सकाळच्या वेळी बघून या, गेटवरून नाही, आत बसून. मुलं काय करतायत ते बघा. बोलतायत, गाणी म्हणतायत, मातीत पाण्यात हात घालतायत, गोष्ट ऐकतायत, की बाकावर गप्प बसून एबीसीडी गिरवतायत? दुसरं दिसलं तर पैसे देऊन काही मिळत नाहीये असं समजा, मग युनिफॉर्म कितीही छान असू दे.

आता अंगणवाडीचं. ती ज्यातून चालते ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून पूर्वशालेय शिक्षण ही तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं), आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि मुलांना शिकवणं. म्हणजे तुम्ही जास्तीचं काही मागत नाही आहात, जे कागदावर पहिल्या दिवसापासून आहे तेच मागताय. पण झालं असं की किती मुलांचं वजन घेतलं, किती पाकिटं वाटली, किती लसी टोचल्या याचा हिशेब दर महिन्याला वर जातो, त्याबद्दल साहेब विचारतात, आणि आज मुलांना कोणती गोष्ट सांगितली हे विचारायला कुणी येत नाही. माणूस कुणीही असो, ज्याची विचारणा होते तेच काम आधी होतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, शिकवण्याची विचारणा व्हायला लागली पाहिजे, आणि ती पालकांकडून सुरू झाली पाहिजे कारण वरून ती आपोआप येत नाही हे पन्नास वर्षांत दिसलंय.

वरून काहीच नाही असंही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा धरला, त्यात स्पष्ट लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. मे २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केलं, त्यात अंगणवाडीत रोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वशालेय शिक्षण व्हावं असं ठरलं, आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ नावाचा अभ्यासक्रमही आला. दोन तास. हा आकडा लक्षात ठेवा, तुमच्या हातात हाच धरायला आहे.

पण हे दोन तास आणायचे कुठून? सेविका एकच. तिच्याकडे गरोदर बायकांची नोंद, स्तनदा मातांची भेट, टीएचआर म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांचं वाटप, वजन-उंची, ॲपमध्ये एन्ट्री, मीटिंगा, सर्व्हे, मधेच निवडणुकीचं काम. मदतनीसताई स्वयंपाक, भांडी, मुलांना आणणं-सोडणं यात अडकलेली. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांमध्ये एक अभ्यास झाला, त्यातल्या काही केंद्रांना फक्त पूर्वशालेय शिक्षणासाठी एक अर्धवेळ माणूस जास्तीचा दिला आणि बाकीच्यांना नाही. दीड वर्षाने बघितलं तर जिथे जास्तीचा माणूस दिला तिथे शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही सुधारली होती, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की कुपोषणही कमी झालं होतं, कारण आधीच्या सेविकेला आहार आणि आरोग्याच्या कामाला जास्त वेळ मिळाला. म्हणजे पोषण की शिक्षण असं भांडण मुळात नाहीच, भांडण आहे ते हातांच्या कमतरतेचं.

तर तुम्ही करायचं काय. चार-पाच आया मिळून सेविकाताईंकडे जा, तक्रार घेऊन नाही, विचारायला जा की ताई, रोजचे कोणते दोन तास मुलांचे? ते तास ठरवून भिंतीवर लिहून लावायला सांगा आणि त्या वेळेत आपणही कुणी पाकीट मागायला, नाव घालायला जाणार नाही हे गावात ठरवा, हे आपल्या हातातलं आहे. एखादी आजी आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला येईल का बघा. आणि मग एक साधा अर्ज लिहा, पर्यवेक्षिकेच्या आणि बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने, की आमच्या अंगणवाडीत रोज दोन तास शिकवणं व्हावं आणि त्या वेळात सेविकेला दुसरं काम देऊ नये. सह्या घ्या, आवक नंबर घ्या, प्रत जपून ठेवा. अर्ज सेविकेच्या विरोधात जाऊ देऊ नका, तिच्यासाठी मागा.

प्रश्न : मी पिंपरीत राहतो, आयटीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, नर्सरीत. रोज घरी लिहायला देतात, १ ते ५० आकडे, कॅपिटल स्मॉल दोन्ही. तो रडतो, पेन्सिल फेकतो. टीचर म्हणते सिनियर केजीत त्रास होईल. खरंच लिहायला हवं का?

नाही, दादा. साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं, मनगट, डोळे अजून त्या कामाला तयार नसतात, तो आळशी नाहीये आणि हट्टीही नाहीये. त्याला कणीक मळू द्या, मणी ओवू द्या, कागद फाडू द्या, खडूने जमिनीवर मोठं मोठं काढू द्या, लिहिण्याची तयारी त्यातून होते.

आणि हे माझं एकटीचं मत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यात तीन ते सहा वयाच्या मुलांवर ठरवून दिलेल्या पाठ्यपुस्तकांचं ओझं नको असं सरळ म्हटलंय, सगळा भर खेळ, गोष्ट, गाणं, वस्तू हाताळणं यावर आहे. आपल्या राज्याचा आराखडाही त्याच धर्तीवर आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तर मोठ्या माणसामागे किती मुलं असावीत तेही दिलंय, तीन ते सहा वयासाठी एकामागे वीस, तीनच्या आतल्यांसाठी एकामागे दहा. तुमच्या वर्गात किती मुलं आहेत मोजा.

अडचण ही आहे की खासगी नर्सरीवर आजवर कुणाचंच नीट लक्ष नव्हतं. पहिलीपासून शिक्षण विभाग बघतो, अंगणवाडी महिला व बालविकास बघतो, आणि बिल्डिंगच्या पार्किंगशेजारी सुरू झालेली नर्सरी कुणीच बघत नाही. २०२५ मध्ये राज्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितली, ही सुरुवात चांगली आहे पण नोंदणी म्हणजे दर्जा नव्हे. शिक्षिकेचं प्रशिक्षण काय, वर्गात मुलं किती, मैदान आहे का, हे बघायला कुणीतरी यायला हवं आणि त्यासाठी नियमांना दात हवेत. तुम्ही दहा पालक एकत्र येऊन मुख्याध्यापिकेला भेटा, आराखड्याची मराठी प्रत घेऊन जा, लिहिण्याचा होमवर्क बंद करा म्हणून लेखी द्या. एकट्याने बोललात तर ‘तुमचाच मुलगा मागे आहे’ हे ऐकावं लागेल. बऱ्याच ठिकाणी टीचरलाही हे पटलेलं असतं, पण बाकीचे पालक वह्या भरलेल्या बघायला मागतात म्हणून ती लिहायला देते, तेव्हा आधी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच बोलायला सुरुवात करा.

वयाचंही सांगते कारण चार जणांनी विचारलंय. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. त्याच्या आत ढकलू नका.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात सेविका आहे. सगळे म्हणतात अंगणवाडीत शिकवत नाहीत. ताई, मला शिकवायला आवडतं, ट्रेनिंगमध्ये साहित्य बनवलं ते कपाटात पडून आहे. चेहरा स्कॅन होत नाही म्हणून बायका भांडतात, नेटवर्क नाही, फोन गरम होतो. वर दिवाळीनंतर अर्धी मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यात येतात, शिकवलेलं सगळं जातं. आमचं कोण ऐकणार?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सिन्नरच्या आईने तुमचं पत्र वाचावं असं मला फार वाटतं म्हणूनच दोन्ही एकाच अंकात घेतलीत.

जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली, हेतू गळती थांबवण्याचा असेल पण त्याचा वेळ कुणाच्या वाट्याचा जातो हे कुणी मोजलं नाही. तो मुलांच्या वाट्याचा जातो. म्हणून तुमच्या संघटनेच्या पुढच्या निवेदनात मानधनाच्या मागणीबरोबर हेही लिहा की स्कॅनिंग आणि वाटपाचा दिवस वेगळा ठेवा, शिकवण्याच्या वेळेत ॲपचं काम नको. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला तुमचा संप पन्नासहून जास्त दिवस चालला, मागण्या रास्त होत्या. केंद्राने सेविकेच्या मानधनाचा आपला आकडा ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० केला, त्यावरची भर राज्य घालतं. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या एका प्रकरणात सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी पेन्शन, ग्रॅच्युइटी यासाठी रस्त्यावर यावं लागतं. जिच्या हाती आपण चार वर्षांचं पोर देतो तिला कामगार म्हणूनही पूर्ण मान नाही, आणि शिक्षिका म्हणूनही नाही, हे चुकीचं आहे आणि पालकांनी तुमच्या मोर्चात यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळी बोलवा, पत्रक काढा, त्यात मुलांच्या शिक्षणाचं पहिलं वाक्य घाला, लोक येतील.

२०२० च्या शिक्षण धोरणात तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे. बारावी किंवा जास्त शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा, काम करता करता. हा कोर्स आपल्या तालुक्यात कधी होणार हे लेखी विचारा, आणि झाल्यावर त्याचा मानधनात फरक पडणार का तेही विचारा.

ऊसतोडीच्या मुलांचं सगळ्यात अवघड आहे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे अंगणवाडीच्या वर्षातला निम्म्याच्या आसपास काळ मूल कोप्यांमध्ये (तळावरच्या झोपड्यांत), थंडीत, ट्रॅक्टरच्या आसपास. राज्याने २०२२ मध्ये स्थलांतराची नोंद ठेवणारी एमटीएस प्रणाली आणली, कुटुंब कुठे गेलंय ते कळलं तर तिकडच्या अंगणवाडीने मुलाला आहार आणि प्रवेश द्यायचा. म्हणून मुलं जायच्या आधी तुम्ही नोंद करा आणि आईच्या हातात एक चिठ्ठी द्या, मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन, लसी, आणि त्याला काय काय येतं तेही, दोन ओळींत. नोंद झाली तरी मूल तिकडे पोचतंच असं नाही कारण कारखान्याचा तळ गावापासून लांब असतो, आई पहाटे फडात जाते आणि चार वर्षांच्याला सोडायला कुणी नसतं. इथे खरी गरज तळावरच बालवाडी आणि पाळणाघर चालवण्याची आहे, हंगामापुरतं का होईना. सुप्रीम कोर्टाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही तिथे लोकांनी मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. तो आदेश गावं आणि झोपडवस्त्यांसाठी आहे, तरी कारखान्याच्या तळावर मुलं मोजून, यादी करून, मुकादम आणि मजूर संघटना यांच्या सह्यांनी तीच मागणी जिल्हा परिषदेकडे आणि साखर कारखान्याकडे दोन्हीकडे करा. यादी असली की नाही म्हणणं अवघड जातं.

प्रश्न : जव्हार तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिल्यांदाच निवडून आले. अंगणवाडीची इमारत गळते, आमची मुलं घरी वारली बोलतात आणि सेविका मराठी. पंचायत काय करू शकते?

बरंच काही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ग्रामसेवकांकडे मागच्या तीन वर्षांचा खर्च मागा, बहुतेक वेळा तो कशावर झाला हे बघूनच पुढचं बोलणं सोपं होतं. तुमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्यात, असेल तर आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पंचायतीला येतो, तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेच्या हातात आहे. छप्पर, शौचालय, पाणी, कुंपण हे गावाच्या विकास आराखड्यात घाला. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते, तिथे आयांकडून ठराव करून घ्या म्हणजे मोठ्या सभेत तुम्ही एकट्या पडणार नाही.

भाषेबद्दल. तुमच्याच भागाच्या शेजारी, बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, महागडी खेळणी नव्हती तेव्हा शंख, शिंपले, बिया, पानं यातून साहित्य केलं. ऐंशी वर्षांपूर्वी हे महाराष्ट्रात झालंय, जगात कुठे बघायला जायला नको. आजही वाडा तालुक्यात सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था अंगणवाड्यांसाठी ‘पालवी’ कार्यक्रम चालवते, जाऊन बघा, सेविकेला घेऊन जा. आणि मदतनीस किंवा गावातली एखादी शिकलेली मुलगी वारली बोलणारी असेल तर रोजची गोष्ट आणि गाणी तिच्याकडून होऊ द्या. मराठी येईल, घाई नाही, पण चार वर्षांच्या मुलाला बाई काय बोलतेय ते कळलंच नाही तर तो गप्प बसायला शिकतो आणि पुढे शाळेतही गप्पच राहतो.

प्रश्न : कोल्हापूरहून, निवृत्त मुख्याध्यापक. धोरणं खूप झाली, कायदा का होत नाही? राज्यपातळीवर सामान्य माणसाने नक्की काय मागावं?

सर, नेमकं विचारलंत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि सहाच्या आतली मुलं कलम ४५ मध्ये गेली, जिथे राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढंच आहे. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरच्या मुलांसाठी मोफत पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’ असं आहे, ‘करील’ नाही. कोर्टात जाऊन मागता येईल असं त्यात काही उरत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगाने २५९ व्या अहवालात हे कलम बंधनकारक करा आणि सहाच्या आतल्या मुलांसाठी घटनेत वेगळा हक्क द्या अशी शिफारस केली. शिक्षण धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात शिक्षण हक्क कायदा पूर्वप्राथमिकपर्यंत खाली आणावा असं होतं, २०२० च्या अंतिम धोरणात ते राहिलं नाही. म्हणजे मुद्दा कुणाला माहीत नाही असं नाही, पैसे लागतील म्हणून मागे सरकतो.

पण यातलं एक लोकांच्या लक्षात येत नाही. कलम ११ मध्ये जे ‘समुचित सरकार’ म्हटलंय ते आपल्या शाळांसाठी राज्य सरकारच आहे, आणि शिक्षण समवर्ती सूचीत आहे, त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, म्हणजे महाराष्ट्राला दिल्लीची वाट बघायची गरज नाही. राज्य स्वतः ठरवू शकतं, नियम करू शकतं. तमिळनाडूने २०१९ मध्ये शाळांच्या आवारातल्या २,३८१ अंगणवाड्यांमध्ये एलकेजी-यूकेजी सुरू केले, तसा निर्णय इथेही होऊ शकतो, फक्त लहान मुलांना छोटी पहिली शिकवायची नाही एवढं सांभाळून.

मला विचाराल तर सगळ्यात आधी प्रत्येक अंगणवाडीला पूर्वशालेय शिक्षणासाठी एक जास्तीचं माणूस मागावं, अर्धवेळ चालेल. राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, त्यामुळे खर्च लहान नाही, म्हणून पहिल्या वर्षी आदिवासी आणि ऊसतोडीचे तालुके घ्या म्हणावं. दुसरं, महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण या दोन खात्यांची या वयोगटासाठी एकच यंत्रणा, एकच वार्षिक अहवाल, ज्यात किती वाटप झालं याच्याबरोबर रोज किती वेळ शिकवलं तेही असेल. खासगी नर्सरीला नोंदणीपलीकडचे नियम हवेतच, ते वर आलंय. आणि शहरात बांधकामांच्या साइटवर जी मुलं वाळूत खेळत असतात त्यांच्यासाठी पाळणाघर-अंगणवाडी एकत्र, कारण त्यांची आठ वर्षांची बहीण त्यांना सांभाळते आणि तिचीही शाळा बुडते. ही मागणी दुर्लक्षित राहते कारण ते मजूर इथले मतदार नसतात.

मागायचं कधी हेही महत्त्वाचं. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडतात, पण आकडे त्याआधीच ठरलेले असतात, तेव्हा निवेदन दिवाळीनंतर लगेच जायला हवं, नागपूर अधिवेशनाच्या आधी. आमदारांना भेटताना पाच पानी निवेदन नको, एक पान, एक मागणी, आपल्या मतदारसंघातल्या अंगणवाड्यांची संख्या, किती जागा रिकाम्या, किती इमारती नाहीत. ही माहिती प्रकल्प कार्यालयात माहिती अधिकारात मिळते. आणि त्यांना ‘लक्ष घाला’ म्हणू नका, तारांकित प्रश्न विचारा म्हणा, कारण त्याला मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांची तालुक्यात संघटना असते, तिच्या लेटरहेडवर हे गेलं तर वजन वेगळं पडतं. प्रश्नाचं उत्तर आलं की आमच्याकडे पाठवा, जसंच्या तसं छापू.